मैनेची अमावस्या

।। श्री ।।
मुंगसरे
२७ जुलै २०२५

ती. आबांना,
भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर मी अर्धं गाव गोळा होईल इतक्या मोठ्याने ओरडले आणि तुम्ही शेवटी एवढंच विचारलंत की जेवलीस का. म्हणून पत्र लिहिते. आपला मयूर रोज मनमाडला कामाला अप-डाउन करतो, त्याच्या हाती देते. तुमच्या कानाचं मशीन नणंदबाईंनी, दिशाताईंनी, टेबलाच्या खणात ठेवलंय असं कळलं. ते कानात ठेवायचं असतं आबा, खणाला ऐकू येऊन उपयोग नाही.

तुमची लाडकी मैना परवा पुन्हा बंद पडली. श्रावणाचा पहिला दिवस, बाजारात फुलांना मागणी, हौदा गलांड्याच्या आणि शेवंतीच्या कॅरेटनी भरलेला, आणि बाईसाहेब मातोरीच्या पुढच्या चढावर अर्ध्यात थांबल्या. आधी दोन आचके दिले, मग सुस्कारा टाकला आणि गप्प. मी तुम्ही शिकवलंत तसं सगळं केलं. उतरून हातपंप मारला, नट सैल करून एअर काढली, हात डिझेलने माखून घेतले. काही नाही. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबून, बाई गाडी चालवते म्हणून बंद पडली, अशा नजरेने बघून गेला. एकाने तर मला विचारलं की डिझेल आहे का. मी त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला लिहिता येणार नाही, तुम्ही माझे सासरे आहात.

आणि मग थोड्या वेळाने, मी रडकुंडीला येऊन सहज चावी फिरवली, तर मैना एका झटक्यात सुरू! जणू काही झालंच नाही. गणेशवाडीच्या फूलबाजारात पोचले तेव्हा हारवाले माल घेऊन गेले होते. उरलेला माल पडेल त्या भावाने दिला.

द्वारका चौकाजवळच्या शफीभाई मेकॅनिकना दाखवली. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला आणि आता चिंता नको म्हणाले. मागच्या महिन्यातही ते हेच म्हणाले होते. बाकी तिसरा गिअर मध्येच उडी मारून बाहेर येतो, डाव्या दाराला मी दोरी बांधली आहे, वायपर फक्त ऊन असताना चालतो. ही तक्रार नाही, हालहवाल आहे.

यांचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे. सातपूरहून शिफ्ट करून येतात आणि दारात गाडी बघितली की कपाळाला आठ्या. गाडी काढून टाकू, फुलं मधे काही दिवस पाठवली तशी दत्तूच्या टेंपोने पाठवू, असा एकच धोशा. दत्तू आपले कॅरेट सगळ्यांच्या खाली दाबतो, सगळ्यांच्या शेवटी उतरवतो. आणि खरं सांगू का आबा, फुलांचं एक राहू द्या. मैना गेली तर मी पुन्हा चुलीजवळ. बाजारात आज मला लोक भाग्यश्रीताई म्हणतात. दत्तूच्या टेंपोने माल गेला तर मी कोण?

तुमच्या खुब्याचं दुखणं कसं आहे? व्यायाम करता की दिशाताईंना फसवता? तुमच्या मंडळी, आमच्या आत्याबाई, बऱ्या आहेत. पत्र लिहिते आहे म्हटल्यावर तुमच्यासाठी काही निरोप देऊ का विचारलं, तर म्हणाल्या की औषध वेळेवर घ्या म्हणावं, आणि ज्वारी निवडायला निघून गेल्या.

माझ्यावरचा लोभ मैनेवरच्या लोभाहून चिमूटभर तरी जास्त असू द्यावा.
आपली,
भाग्यश्री


।। श्री ।।
मनमाड
३१ जुलै २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. दोनदा वाचले. एकदा तुझ्यासाठी आणि एकदा मैनेसाठी.

तू शिकलेली मुलगी, डिप्लोमावाली, म्हणून माझे ऐकत नाहीस. तुला गाडी शिकवताना पहिल्या दिवशी काय सांगितले होते? क्लच अर्धा सोडून पाय ठेवायचा नाही, उतारावर न्यूट्रल करायचे नाही, आणि अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मैनेला दारातून हलवायचे नाही. पहिल्या दोन गोष्टी वहीत लिहून घेतल्यास, तिसरीला तोंडावर पदर घेऊन हसलीस. आता बघ कॅलेंडर. गाडी बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी दिव्याची अवस होती की नव्हती?

इतर दिवशी मैना रुसते ती वयामुळे. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी रुसते ती हट्टाने. हे मी अंधश्रद्धेने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. गाडी नवी होती तेव्हापासून हेच. कंपनीच्या माणसाला दाखवली, तो म्हणाला असे काही नसते. मग त्यालाच शेजारी बसवून नेली, आणि मैना बरोबर त्याच्यासमोर बंद पडली. तो रिक्षाने परत गेला, पुन्हा फोन उचलला नाही.

तुला आधीचे माहीत नाही. तुझे लग्न होण्याच्या खूप आधी आम्ही फुलांच्या पाट्या एसटीच्या टपावर टाकून नेत असू. कंडक्टरशी रोजचे भांडण. पाऊस आला की टपावर फुले कुजत आणि खाली बसून आम्ही. दोन हजार आठच्या दसऱ्याला मैना दारात आली तेव्हा पांढरीशुभ्र होती, आता जो रंग आहे त्याला नाव नाही. तेव्हापासून थेट दादरच्या फूलबाजारापर्यंत मी माल नेला, कसारा घाट तिच्या भरवशावर उतरलो आणि चढलो. गावात पहिला छोटा पिकअप आपला. लोक बघायला आले, नारळ फोडले. सगळे आले, फक्त तुझी सासू उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

तुला म्हणून सांगतो, तुझ्या नवऱ्याला, राजला, दाखवू नकोस. इतक्या वर्षांत ती एकदाही मैनेत बसली नाही. माहेरी येवल्याला जायचे तर एसटीने गेली, मी गाडी काढतो म्हटले तरी. मी दादरला निघालो की कधी फाटकापर्यंत आली नाही. गाडीचे नाव निघाले की उठून आत जाते. मैनेला सवत म्हणते असे शेजारणी मला सांगत. संसाराला हातभार लागला तो हिच्यामुळे, आणि घरात हिचेच कौतुक नाही. याचे वाईट वाटते, आता म्हातारपणी जास्त वाटते.

असो. तिसरा गिअर उडतो तेव्हा गुडघा टेकवून धरायचा, मी तसेच करतो. शफीला म्हणावे की फिल्टर बदलणे ही मेकॅनिकगिरी नाही. माझा खुबा मैनेच्या तिसऱ्या गिअरसारखाच आहे. दिशा घरात मास्तरीण झाली आहे, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावते. जावईबापू रेल्वेत आहेत म्हणून इथे सगळे वेळापत्रकाप्रमाणे, चहासुद्धा.

राजला सांग, मी परत येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.
जीव लावून राहा.
तुझा,
आबा


।। श्री ।।
मुंगसरे
२५ ऑगस्ट २०२५

ती. आबांना,
भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

मी हरले. मला फार राग आलाय आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढते. तुम्ही लांब आहात आणि तुम्हाला ऐकू येत नाही.

पोळा झाला आणि दुसऱ्याच सकाळी मैना बंद. त्याच चढावर. तुमच्या अमावस्येवर मी विश्वास ठेवत नाही हे तुम्हाला दाखवायचं म्हणून मुद्दाम बाहेर काढली होती. गणपती तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी. मागे सगळ्या टेंपोंची रांग लागली. त्यात दत्तूही होता. त्याने काच खाली करून फार प्रेमाने विचारलं की वहिनी, टोचन लावून ओढत नेऊ का. मी नको म्हटलं. त्या नकोमुळे माझा माल अर्धा सुकला हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

शफीभाईंकडे गेले तर गाडी बघूनच त्यांनी कपाळाला हात लावला. फिल्टर झाला होता, यावेळी फीड पंप बदलला, नोझल काढून साफ केले, पाइप फुंकला. फिल्टरमधून पाणी निघालं म्हणाले, आणि डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणून पंपवाल्याला शिव्या घातल्या. मी म्हटलं की गेल्या वेळी दुसऱ्या पंपावरूनच डिझेल भरलं होतं. मग ते माझ्यावर चिडले, मी त्यांच्यावर चिडले, आणि त्यांची बायको जैतुनबी वरच्या मजल्यावरून आम्हा दोघांना चहा घेऊन आली. शफीभाई म्हणाले की आयुष्यात त्यांनी ट्रक बघितले, ट्रॅक्टर बघितले, पण ही गाडी त्यांना वेडं करणार. मी म्हटलं रांगेत उभे राहा, माझा नंबर आधी आहे.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. मोठं झालं. हे म्हणाले की दसऱ्यापर्यंत बघतो, त्याआधी पुन्हा एकदा जरी ही रस्त्यात थांबली तर भंगारवाल्या भिकनला बोलावणार. नुसतं बोलून थांबले नाहीत, भिकनला फोन करून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन बघून जा म्हणून सांगूनही टाकलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण गॅस संपला होता.

त्यांचीही बाजू आहे, आबा. रात्रपाळी करून आल्यावर बायको रस्त्यात अडकली म्हणून मोटारसायकल काढून धावायचं, हे किती दिवस? पण मी त्यांच्यासमोर हे मान्य करणार नाही. तुम्हीही करू नका.

यांनी भंगाराचं नाव काढलं तेव्हा आत्याबाईंच्या हातातलं ताट थोडं जोरात खाली ठेवलं गेलं. तुम्ही म्हणता तसं त्यांचं मैनेशी जमत नसेलही. पण मी सकाळी गाडी काढते तेव्हा आवाज दूर जाईपर्यंत त्या मोरीत भांडं घासत राहतात, एकच भांडं. मला त्याचा अर्थ लागत नाही.

सर्वपित्री अमावस्या एकवीस सप्टेंबरला आहे, मीच कॅलेंडर बघितलं. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. वर्षातला सगळ्यात मोठा बाजार तिथून सुरू होतो. आता सांगा, त्या दिवशी गाडी दारात ठेवू?

उत्तर लवकर पाठवावं. रागावलात तरी चालेल, पण गप्प राहू नये.
आपली,
भाग्यश्री


।। श्री ।।
मनमाड
३० ऑगस्ट २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस आशीर्वाद.

घटस्थापनेला गाडी दारात ठेव. दत्तूला माल दे. एक दिवस मान खाली गेली तर जाऊ दे, गाडी राहील.

राजला माझा निरोप सांग. म्हणावे, तुझ्या कॉलेजची फी दादरच्या बाजारातून या हौद्यात बसून आली. तुझ्या बहिणीची वरात या गाडीतून गेली, हारांनी मढवली होती, जावईबापूंनी अजून फोटो लावला आहे. भिकनला देण्याआधी एकदा त्या सीटवर बसून बघ म्हणावे. नाही तर जाऊ दे, काही सांगू नकोस. तो माझाच मुलगा आहे, सांगितले की उलटे करेल.

मला इथे झोप येत नाही. दिवसा कॉरिडॉरमध्ये चालताना रेल्वेचे इंजिन शिट्टी देते ते या कानाने ऐकू येते, आणि मला वाटते ही माझी गाडी नाही. खुबा मोडला तो मैनेच्या मागच्या फाळक्यावरून पडून, तरी तिचा राग येत नाही. राग येतो तो या गोष्टीचा की इतकी वर्षे मी तिला वापरली आणि तिला काय होते ते मला कधी कळले नाही. अमावस्या म्हणून मी विषय मिटवला. तू मिटवत नाहीस, भांडतेस. ते बरे आहे, पण घटस्थापनेला नको.

तुझ्या सासूला विचार, माझे स्वेटर कुठे ठेवले आहे. आता थंडीच्या आधी मी येणारच.
माया आहेच, ती कळवावी लागत नाही.
आबा


।। श्री ।।
मुंगसरे
२५ सप्टेंबर २०२५

ती. आबांना,
भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा.

दत्तूने घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी निरोप पाठवला की त्याच्या टेंपोत जागा नाही. खरं होतं की मुद्दाम, देव जाणे. शेवंती तोडून झाली होती. ती काय घरात वाळत घालू? पहाटे मैना काढली. मनात तुमची अमावस्या होती, ओठांवर देवीचं नाव होतं, आणि चढ आला तसा पाय आपोआप जड झाला. तिने दोन आचके दिले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून, आबा, खरंच रडले. फुलांसाठी नाही. आता भिकन येणार, म्हणून रडले.

हे आले मोटारसायकलवर. रिक्षा थांबवून कॅरेट त्यात टाकले, मला बाजारात पाठवलं, आणि स्वतः गाडीपाशी थांबले. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपारी मैना टोचन लावून शफीभाईंकडे. ते म्हणाले की आता बदलायला काही उरलं नाही, फक्त डिझेलची टाकी कधी खोलली नाही, ती खोलू, मग मात्र तुम्ही दुसरा मेकॅनिक शोधा. टाकी उतरवली. खालचं बूच काढलं तर आधी पाणी आलं, मग गंजाचा चिखल. शफीभाईंनी हात आत घातला, पाइपाच्या तोंडाशी काहीतरी चिकटलेलं होतं ते काढलं आणि तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलं. पानं होती. काळी झालेली, डिझेलमध्ये मुरलेली, काही जुनी चोथा झालेली आणि काही अजून हिरवट. त्यांनी विचारलं की तुम्ही टाकीत काढा करता का.

मी ते पान बोटांनी चुरडलं. डिझेलच्या वासातूनही ओळखू आलं. तुळस होती.

शफीभाईंना सगळं लगेच उमगलं. पाणी आणि पान तळाशी बसतात, चढ आला की डिझेल मागे सरकतं, पाइप पान ओढून घेतो आणि त्याचं तोंड बंद होतं. गाडी थांबली, ओढ थांबली, पान सुटलं, की थोड्या वेळाने गाडी सुरू. एवढंच. फिल्टर, पंप, नोझल, पंपवाला, कंपनी, अमावस्या, कोणाचाच दोष नव्हता. पण टाकीत तुळस आली कुठून हे त्यांना उमगलं नाही. मला उमगलं.

घरी येऊन आत्याबाईंना विचारलं. हळूच विचारलं, पण आवाज चढलाच. त्यांनी लपवलं नाही. हो, मीच टाकते, असं सरळ म्हणाल्या, आणि यात एवढं काय असं त्यांचा चेहरा मला विचारत होता. गाडी आली त्याच वर्षी कसारा घाटात आपल्या गावातल्या एकाची गाडी दरीत गेली होती, आणि तुम्ही त्याच घाटातून दादरला जायचात. तेव्हापासून त्या रामकुंडावरून गोदेचं तीर्थ आणून ठेवतात. दर अमावस्येला दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावायचा, तिथलंच पान तीर्थात टाकायचं आणि पळी पळी करून अख्खी वाटी मैनेच्या टाकीत. टाकीच्या झाकणाचं कुलूप तुम्हीच कधीचं तोडून चिंधी कोंबली आहे, त्यामुळे कोणाला विचारायची गरजच पडली नाही. पोटात देवाचं पाणी असेल तर गाडी धोका देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एकही अमावस्या चुकवली नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. आता मी गाडी चालवते तर माझ्यासाठी.

मला किती राग आला म्हणून सांगू! वर्षानुवर्षं आपण रस्त्यावर उभे, लोकांच्या नजरा, सुकलेला माल, या घरातली भांडणं, आणि कारण घरातच, आमच्या तुळशीपाशी. आणि मी त्यांना रागावू कशी? त्या एवढंच म्हणाल्या की इतकी वर्षं गेली, घाटात आबांच्या अंगाला खरचटलंसुद्धा नाही, मग तीर्थ चुकीचं कसं. डिप्लोमात हे शिकवलं नव्हतं.

यांना सांगितलं. आधी हसायला लागले, मग आत जाऊन आईशेजारी बसले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पण शब्द मागे घेतला नाही. टाकी धुऊन बसवली आहे. दसऱ्याला ती बाजारात जाऊन न थांबता परत आली तर राहील, नाही तर भिकन दुसऱ्या दिवशी येणारच आहे.

आता तुम्ही काय म्हणता ते कळवा. पण आत्याबाईंना बोलू नका. पत्रातूनसुद्धा नको. मीच वाचून दाखवते ना त्यांना.
आपली,
भाग्यश्री


।। श्री ।।
मनमाड
२९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस आशीर्वाद.

पत्र वाचून मी उठून उभा राहिलो, काठीशिवाय. दिशा घाबरली. खुब्याला कळलेसुद्धा नाही.

आधी माझा राग ऐक. मी कंपनीच्या माणसाला शिव्या दिल्या. दिंडोरी रोडचा पंप सोडला, मग पेठ रोडचा सोडला, मग एका पंपवाल्याशी मारामारीची वेळ आणली. शेजारच्या धोंडीरामवर मी कित्येक वर्षे संशय घेतला की तो जळफळाटाने टाकीत पाणी घालतो. त्याच्या घरचे लग्नाचे जेवण मी जेवलो नाही! आणि घरात ही बाई शांतपणे वाटी घेऊन उभी. मी तिच्यासमोर बसून म्हणायचो की टाकीत पाणी येते कुठून, आणि ती मला भाकरी वाढायची. तिच्या डोक्यात आले कसे नाही? पण कसे येईल. मी पाणी म्हणत होतो. ती घालत होती ते तिच्या मते पाणी नव्हतेच.

दिवसभर असा चिडून होतो. संध्याकाळी दिशाने तुळशीपुढे दिवा लावला. मग पुढचे लिहायला बसलो.

आता हे पान तुझ्या सासूला वाचून दाखव. राज घरात नसताना.

रंगू, मी दादरला निघायचो तेव्हा तू फाटकात यायची नाहीस. मी आरशात बघायचो. दर वेळी बघायचो. मला वाटे तुझे मन माझ्या कामात नाही. गाडीचे नाव काढले की तू उठून जायचीस, मला वाटे राग. तू तर भीत होतीस. भीत होतीस तर एकदा म्हणायचे होतेस, की नका जाऊ, की जपून जा, काहीतरी. मी थांबलो नसतो, पण घाटात एकटा नसतो. आता एवढे कर. तीर्थ टाकीत घालू नकोस. दसऱ्यानंतर मला न्यायला मैना येईल तेव्हा पुढच्या सीटवर तू बसून ये. एवढेच.

भाग्यश्री, दसऱ्याला चढावर दुसरा गिअर ठेव, घाई करू नकोस. राजला म्हणावे, मी वाट बघतो आहे.
सर्वांवर आहे ती माया आता सांगून ठेवतो, न सांगण्याने काय होते ते कळले.
आबा


।। श्री ।।
मुंगसरे
३ ऑक्टोबर २०२५

ती. आबांना सा. न.

मैना काल बाजारात गेली आणि आली. झेंडूने हौदा भरला होता. चढावर माझा श्वास बंद होता, तिचा नाही. शेजारी हे बसले होते, सीटची कड दोन्ही हातांनी धरून, आणि चढ संपल्यावर म्हणाले की तिसरा गिअर करून घ्यायला हवा. म्हणजे ठेवायची. भिकन आज सकाळी येऊन चहा पिऊन गेला.

तुमचं पान वाचून दाखवलं. आत्याबाई भांडं घ्यायला मोरीत गेल्या. आज मात्र स्वतःहून म्हणाल्या की लिही. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते आहे, माझा एकही शब्द नाही.

राजच्या आबास,

तुमचं पत्र भागीनं वाचलं. लय मोठं लिवलंत. मी फाटकात येत नव्हते ते खरं हाय. माणूस जाताना पाहू नये, मंग तेच डोळ्यापुढं राहतं. आवाज ऐकायचे. आवाज वळणाच्या पल्याड गेला का मंग भांडं ठेवायचे.

तीर्थ आता घालणार नाय. शफी म्हणला, राजबी म्हणला, भागी तर रडलीच. नाय घालणार. पण तुम्हाला एक सांगते. आपलं पोरगं भागीसंगं गाडीत बसून गेलं काल बाजारात, आन् यायला उशीर झाला. पयले कव्हाबी उशीर झाला का मी म्हणायचे, पडली आसंल बंद, बसले आसतील दगडावर बिडी वढत. तेवढ्यावर मला झोप लागायची. तुम्ही उशिरा आले का गाडीला शिव्या द्यायचे, आन् मी आत बसून देवाला हात जोडायचे का बरं झालं, बंदच पडली व्हती. काल उशीर झाला, आन् भागी सांगती गाडी आता बंद पडत नाय. मंग मी काय म्हणू मनाला? गाडी नीट झाली आन् माझी झोप गेली.

म्हणून मी येती. पुढच्या शिटावर बसून येती. तीर्थाची बाटली मांडीवर ठिवीन, टाकीत नाय घालणार. इतकी वर्सं गाडीला पाजलं, आता ते तुमच्या हातावर देईन. तुम्ही ते घ्या, मंग गाडीला हात लावा.

स्वेटर तुमचं माझ्याच पेटीत हाय. घेऊन येती.

रंगूबाई

लिहिणार भाग्यश्री. रविवारी सकाळी निघतो. अमावस्या लांब आहे, मी कॅलेंडर बघितलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. फाटकापाशी उभे राहा.